प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज : गेलेली दृष्टी आणि वाचून दाखविणारी माणसे

वाशीम - वऱ्हाडच्या संतपरंपरेत ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्या प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांना अक्षर डोळ्यांनी वाचण्याची संधी उभ्या आयुष्यात एकदाही मिळाली नाही. तरीही अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या नावावर सव्वाशेहून अधिक लहानमोठे ग्रंथ जमा झाले. वेदान्त, भक्ती, योग, आयुर्वेद, संगीत, काव्यशास्त्र अशा नाना विषयांवर त्यांनी लिहिले, म्हणजेच सांगितले. ६ जुलै ही त्यांची जयंती. वाशीम जिल्ह्याला लागूनच असलेल्या अमरावती जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. जयंती आणि पुण्यतिथीला त्यांच्या तत्त्वज्ञानावर प्रवचने होतात, त्यांच्या विलक्षण स्मरणशक्तीच्या कथा सांगितल्या जातात. मात्र एका तान्ह्या मुलाचे डोळे कसे गेले आणि त्यानंतर तो कोणाच्या आधाराने वाढला, हा भाग बहुधा दोन वाक्यांत उरकला जातो. ज्यांच्या घरात एखाद्या लहान मुलाच्या डोळ्यांवर उपचार सुरू आहेत, त्यांच्यासाठी मात्र महाराजांच्या चरित्रातील हाच भाग सर्वांत मोलाचा आहे.

चुकीचे औषध

गुलाबराव गोंदुजी मोहोड यांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी या गावी झाला. मोहोड घराणे चांदूर बाजारजवळच्या माधान या गावचे. वडील गोंदुजी, आई अलोकाबाई. घर शेतकऱ्याचे, कुणब्याचे. मूल डोळस जन्मले होते. आठ-नऊ महिन्यांचे असताना त्याच्या डोळ्यांवर चुकीचा औषधोपचार झाला आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी कायमची गेली. चरित्रकारांनी या घटनेला फारशी जागा दिलेली नाही. संतचरित्रात असे प्रसंग पुढच्या तेजाची पार्श्वभूमी म्हणून येतात आणि ओसरून जातात. पण ज्या घरात ते घडले, त्या घरातील माणसांच्या जिवाला तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. औषध घातले गेले ते बाळाला बरे वाटावे म्हणूनच.

त्या काळचे वऱ्हाड डोळ्यांच्या दृष्टीने कठीण मुलूख होते. १८५३ च्या तहानंतर निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेल्या या प्रांतात सरकारी दवाखाने मोजक्या मोठ्या गावांत होते. वाशीम त्या वेळी बासीम या नावाने वऱ्हाडातील एक स्वतंत्र जिल्हा होते. (१९०५ मध्ये तो जिल्हा अकोल्यात विलीन झाला आणि वाशीमला जिल्ह्याचा दर्जा पुन्हा मिळण्यास १ जुलै १९९८ हा दिवस उजाडावा लागला.) खेड्यापाड्यांत डोळे आले, खुपऱ्या झाल्या, देवी येऊन डोळ्यात फूल पडले, की आधार होता तो घरगुती अंजनांचा आणि गावातल्या जाणत्या म्हणविणाऱ्या माणसाचा. देवीच्या साथींनी किती मुलांचे डोळे नेले याची गणतीच नाही. त्यात दुष्काळ पडला की आहारातील अ जीवनसत्त्व आटे. आधी रातांधळेपणा येई, मग बुबुळ पांढरे पडे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांत वऱ्हाड होरपळला, तेव्हा गुलाबराव ऐन किशोरवयात होते.

याच सुमारास युरोपात घडलेली एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. जर्मनीतील लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी नवजात बालकांच्या डोळ्यांत जन्मानंतर लगेच सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाकण्याची पद्धत १८८० मध्ये सुरू केली आणि तिचे परिणाम १८८१ मध्ये, म्हणजे गुलाबरावांच्या जन्मवर्षीच, वैद्यकीय जगापुढे ठेवले. प्रसूतीच्या वेळी होणाऱ्या संसर्गाने डोळे गमावणाऱ्या असंख्य बालकांची दृष्टी त्या थेंबाने वाचली. गुलाबरावांचे दुखणे याच प्रकारचे होते, असा याचा अर्थ नव्हे. ते तेव्हा नवजात नव्हते. परंतु एकाच काळात एका ठिकाणी डोळ्यात पडलेला थेंब दृष्टी राखत होता आणि दुसऱ्या ठिकाणी पडलेले औषध दृष्टी नेत होते. थेंब कोणता, किती आणि तो टाकणारा हात कोणाचा, एवढ्यावरच सारे अवलंबून होते.

हा प्रश्न अद्याप संपलेला नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ, मध, आईचे दूध, झाडपाल्याचा रस घालण्याची पद्धत आजही अनेक घरांत आहे. शहरातील सुशिक्षित घरेही यास अपवाद नाहीत; तेथे आजीबाईच्या बटव्याची जागा औषधांच्या दुकानाने घेतली आहे, एवढाच फरक. डोळे लाल झाले म्हणून दुकानातून आणलेल्या, किंवा शेजारच्या मुलासाठी लिहून दिलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर लाली दोन दिवसांत जाते आणि घरचे निर्धास्त होतात. पण ते थेंब वैद्यकीय देखरेखीशिवाय दीर्घकाळ घातले, तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. बुबुळावर जखम असताना तेच थेंब पडले तर संसर्ग बळावून डोळा गमावण्याची वेळ येते.

आजीचे घर

गुलाबराव चार वर्षांचे असताना आई गेली. दृष्टी नाही आणि आईही नाही, अशा अवस्थेतील नातवाला लोणी टाकळीच्या आजीने, म्हणजे आईच्या आईने, आपल्याकडे ठेवून घेतले. पुढची सुमारे सहा वर्षे ते आजोळीच वाढले. त्यांच्या साऱ्या चरित्रात या सहा वर्षांइतका निर्णायक काळ दुसरा नाही.

त्या काळी आंधळ्या मुलाचे भवितव्य ठरल्यासारखे असे. घराच्या एका कोपऱ्यात बसून राहणे, किंवा देवळाच्या पायरीवर. अंधांसाठी शाळा हा प्रकार हिंदुस्थानात तेव्हा जवळपास नव्हताच. देशातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत अशा शाळा सुरू होण्यास १९०० चा सुमार उजाडला. लुई ब्रेल यांनी फ्रान्समध्ये आपली टिंबांची लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली होती खरी. पण भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल निश्चित झाली ती १९५१ मध्ये. वऱ्हाडातील खेड्यात राहणाऱ्या मुलापर्यंत यांतले काहीच पोहोचणे शक्य नव्हते. शिक्षण म्हणून जे काही मिळणार होते, ते कानावाटे.

आणि कानावाटे मिळण्यासारखे त्या घरात, त्या गावात पुष्कळ होते. पहाटे जात्यावरच्या ओव्या, संध्याकाळचे भजन, देवळातील पोथीवाचन, सप्ताह, कीर्तन. डोळस मुलाला या गोष्टी पार्श्वसंगीतासारख्या असतात. खेळता खेळता कानावर पडतात आणि विरतात. ज्याला दुसरे काही नाही, तो मुलगा मात्र त्या धरून ठेवतो. गुलाबराव लहान वयातच ऐकलेले जसेच्या तसे म्हणून दाखवीत, गोड गळ्याने पदे गात, रात्री-अपरात्री उठून ध्यान लावून बसत, असे चरित्रांत सांगितले आहे. ध्यानाच्या कथेवर ज्याने त्याने हवा तसा विश्वास ठेवावा. आजीने या मुलाला कोपऱ्यात बसविले नाही, त्याला माणसांत राहू दिले, गाऊ दिले, विचारू दिले, हे मात्र पुढच्या आयुष्यावरून स्वच्छ दिसते. कोपऱ्यात वाढलेले मूल वयाच्या विशीत पंडितांशी वाद घालीत नाही.

दहाव्या वर्षाच्या सुमारास ते माधानला वडिलांकडे आले. पुढे १८९६ मध्ये, त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच, त्यांचा विवाह मनकर्णिका यांच्याशी झाला.

चमत्कार आणि कष्ट

महाराजांच्या स्मरणशक्तीबद्दल अनेक आख्यायिका आहेत. ग्रंथ नुसता कपाळाला लावला की त्यांना आतील मजकूर कळे, असे भाविक सांगतात. कोणत्या ग्रंथात काय कोठे आहे, हे ते वाचणाऱ्यालाच सांगत, अशाही आठवणी आहेत. श्रद्धेचा विषय श्रद्धेच्या ठिकाणी ठेवणे योग्य. परंतु चमत्काराची कथा सांगताना एका गोष्टीवर नकळत पडदा पडतो, ती म्हणजे वाचून दाखविणाऱ्यांचे कष्ट.

ब्रेल नाही, ध्वनिमुद्रण नाही. अशा स्थितीत संस्कृत शास्त्रग्रंथ असो, ज्ञानेश्वरी असो की इंग्रजीतील आधुनिक विचार असो, तो कोणीतरी समोर बसून मोठ्याने वाचल्याशिवाय किंवा समजावून सांगितल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा व्यवहारातील दुसरा मार्ग नव्हता. वाचायचे, थांबायचे, पुन्हा वाचायचे. अडलेला शब्द आला की मागे जायचे. आणि हे वर्षानुवर्षे. माधानसारख्या गावात तेव्हा साक्षर माणसे ती किती असणार! ज्याला अक्षर येते, त्याला शेत आहे, बैल आहेत, संसार आहे. त्याने दिव्याच्या उजेडात बसून रोज तासन्‌तास आंधळ्या मुलापुढे पोथी वाचावी, ही अपेक्षाच मोठी. तरीही अशी माणसे मिळाली. आज त्यांतील बहुतेकांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत.

येथे आधुनिक शास्त्राचा थोडा आधार घेण्यास हरकत नाही. डोळा हे केवळ साधन आहे. पाहतो तो मेंदू, आणि पाहणे ही मेंदूला जन्मानंतर शिकावी लागणारी विद्या आहे. ही गोष्ट डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांवरील प्रयोगांतून १९६० च्या दशकात दाखवून दिली. पिलाचा एक डोळा सुरुवातीच्या नाजूक आठवड्यांत झाकून ठेवला, तर पुढे तो उघडल्यावर, डोळ्यात काहीही दोष नसताना, मेंदू त्याच्याकडे लक्षच देत नाही. या संशोधनास १९८१ मध्ये, म्हणजे महाराजांच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी, नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या मुलात हा शिकण्याचा काळ पहिल्या सात-आठ वर्षांचा धरला जातो आणि त्यातही पहिली वर्षे सर्वांत महत्त्वाची. ज्यांची दृष्टी बालपणीच जाते, त्यांच्या मेंदूतील पाहण्यासाठी राखलेला भाग रिकामा राहत नाही. तो ऐकणे, स्पर्श, भाषा, स्मरण यांच्या कामी लागतो, असेही पुढील संशोधनातून दिसून आले आहे. महाराजांच्या अफाट स्मरणशक्तीचे सारे रहस्य यात उलगडते, असा दावा कोणी करू नये. मात्र तो भाग आपोआप कामी लागत नाही. त्याला सतत खाद्य द्यावे लागते. ते देणारी माणसे लोणी टाकळीला आणि माधानला होती.

आळशी डोळा

याच शास्त्राचा आजच्या पालकांशी अगदी जवळचा संबंध आहे. लहान मुलांत आढळणारा आळशी डोळा, म्हणजेच मंददृष्टी, हा विकार नेमका या शिकण्याच्या काळातला. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असतो, किंवा डोळा तिरळा असतो, किंवा पापणी खाली आलेली असते, किंवा जन्मतः मोतीबिंदू असतो. दोन डोळ्यांकडून येणारी चित्रे जुळत नाहीत, तेव्हा मेंदू धूसर चित्र देणाऱ्या डोळ्याला बाजूला सारतो. मुलाची तक्रार नसते, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे सारे नीट चाललेले असते. घरच्यांच्याही लक्षात येत नाही. तिरळेपणा असेल तर अनेक घरांत तो भाग्याचा मानला जातो, किंवा मोठेपणी आपोआप जाईल म्हणून सोडून दिला जातो. दरम्यान वर्षे जातात.

उपचार जुनाच आहे. फ्रान्समधील निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७४३ मध्येच तिरळ्या मुलाचा चांगला डोळा झाकून कमजोर डोळ्याला कामाला लावण्याची शिफारस केली होती. आजही चष्मा आणि पट्टी हाच उपचाराचा कणा आहे. काही मुलांना पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब टाकून तो तात्पुरता धूसर केला जातो. अर्थात, हे थेंब नेत्रतज्ज्ञाने सांगितले तरच आणि सांगितले तितकेच. मध्यम प्रतीच्या मंददृष्टीत रोज दोन तासांची पट्टीही सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडते, असे अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातून दिसले. तेव्हापासून उपचार पुष्कळ सुसह्य झाला आहे. तीव्र विकारात अधिक तास लागतात. किती, हे डॉक्टरच ठरवितात.

डॉक्टर तास ठरवितात, पण ते भरून काढायचे असतात घराने. खरी कसोटी तेथेच आहे. चांगला डोळा झाकल्यावर मुलाला खरोखरच कमी दिसते. ते चिडते, रडते, पट्टी ओढून काढते, चष्म्याच्या कडेतून चोरून पाहते. पट्टी चष्म्याच्या काचेवर न लावता थेट त्वचेवर, चष्म्याच्या आत लावली, तर चोरून पाहण्यास वाव राहत नाही. पट्टी लावून मूल नुसते बसवून ठेवण्यापेक्षा त्या वेळात जवळचे, बारीक काम दिले तर वेळही जातो आणि मुलाचे लक्षही पट्टीवर राहत नाही. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. ताटात तांदूळ निवडणे, शेंगा सोलणे, मणी ओवणे, चित्रात रंग भरणे, रांगोळीचे ठिपके मोजणे, गोष्टीच्या पुस्तकातील चित्रे ओळखणे, या गोष्टी कोणत्याही घरात होतात. या कामी आजी-आजोबांइतका चांगला सोबती नाही. त्यांच्याकडे वेळ असतो आणि तांदूळही. वेळ रोज ठरलेली असावी. शाळेतील बाईंना आधी सांगून ठेवावे, म्हणजे वर्गात कोणी चिडविले तर त्या सांभाळून घेतात. सासर-माहेरच्या पाहुण्यांनी मुलासमोर हळहळ व्यक्त करू नये, हे त्यांनाही सांगावे लागते.

आणि तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. पट्टी प्रमाणाबाहेर लावली तर चांगला डोळा मागे पडू शकतो. नजर सुधारली म्हणून घरच्या घरी उपचार थांबविला, तर काही मुलांत ती पुन्हा घसरते. वय उलटून गेले म्हणून सात-आठ वर्षांपुढील मुलाला दाखवायचेच नाही, हेही बरोबर नाही. मोठ्या मुलांतही काही प्रमाणात सुधारणा होते, फक्त कष्ट अधिक पडतात. शाळा आणि अंगणवाड्यांतून मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून देशभर सुरू झाला. वाशीमसह रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या तालुक्यांतील पालकांनी पथक गावात येते त्या दिवशी मुलाला शाळेत पाठविण्यास चुकू नये. मात्र केवळ त्यावर विसंबूनही राहू नये. मूल एक डोळा मिटून पाहते, मान वाकडी करते, बुबुळात पांढरी चमक दिसते, एवढे दिसले तरी नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यास पुरेसे आहे. पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात जावे.

महाराजांच्या बाबतीत असा कोणताही उपचार उपलब्ध नव्हता. दृष्टी गेलेल्या बुबुळाच्या जागी दुसरे बुबुळ बसविण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया एदुआर्द झिर्म यांनी सध्याच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे केली, ती डिसेंबर १९०५ मध्ये. तेव्हा महाराज २४ वर्षांचे होते आणि त्यांचे नाव वऱ्हाडात दुमदुमू लागले होते.

ज्ञानेश्वरकन्या

१९०१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील मोठ्या वळणाचे. त्या वर्षी संत ज्ञानेश्वरांनी आपणास मांडीवर घेऊन स्वनामाचा मंत्र दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. सहाशे वर्षांपूर्वी समाधी घेतलेल्या सत्पुरुषाशी पिता-कन्येचे नाते जोडणारा हा तरुण पुढे त्याहून धाडसी पाऊल टाकता झाला. श्रीकृष्णाला पती मानून त्यांनी गोपीभावाने उपासना आरंभिली, कात्यायनी व्रत केले, कुंकू आणि मंगळसूत्र धारण केले. बायको-मुलांच्या संसारात राहणाऱ्या पुरुषाने हे करावे, यावर त्या काळच्या गावगाड्यात काय बोलले गेले असेल, ते सांगावयास नको. त्यांनी आपले व्रत सोडले नाही. अद्वैत वेदान्त आणि कृष्णभक्तीतील मधुरभाव यांचा मेळ घालणारे त्यांचे मत मधुराद्वैत या नावाने ओळखले जाते आणि अनुयायी त्यांचा उल्लेख मधुराद्वैताचार्य असा करतात.

भक्त म्हणून ते जितके भावविभोर, तितकेच विचारवंत म्हणून तर्ककठोर होते. डार्विन आणि स्पेन्सर या पाश्चात्त्य विचारवंतांच्या सिद्धान्तांची त्यांनी चिकित्सा केली. आर्य बाहेरून या देशात आले, हे त्या काळी विद्वानांत रूढ झालेले मत त्यांनी नाकारले. त्यांचे सगळेच निष्कर्ष आजच्या विज्ञानाला मान्य होण्यासारखे नाहीत. डार्विनवरील आक्षेप तर नाहीतच. पण जे इंग्रजी विचार पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत शिकलेल्यांपर्यंतच पोहोचत, त्यांच्याशी माधानचा, शाळा न पाहिलेला, दृष्टिहीन शेतकरीपुत्र वाद घालतो, ही गोष्टच मती गुंग करणारी आहे.

त्यांच्या ग्रंथांतील विषयांची व्याप्ती पाहिली, तर एका आयुष्याचे हे काम वाटत नाही. संप्रदायसुरतरु, प्रेमनिकुंज, साधुबोध हे ग्रंथ भक्तीच्या आणि संप्रदायाच्या प्रांतातील. मानसायुर्वेद या ग्रंथात त्यांनी मनाच्या आरोग्याचा विचार आयुर्वेदाच्या अंगाने केला. मनाच्या विकारांना वेड म्हणून दूर लोटण्याच्या काळात या विषयावर स्वतंत्र ग्रंथ सांगावासा वाटणे, यातच त्यांच्या दृष्टीची झेप दिसते. मराठीबरोबरच संस्कृत आणि हिंदीतही त्यांनी रचना केली. ओव्या, अभंग, पदे, श्लोक असे त्यांचे पद्य हजारोंच्या संख्येत भरते. नावंग नावाची स्वतःची एक भाषाही त्यांनी रचली होती.

हे सारे त्यांनी सांगितले आणि इतरांनी लिहून घेतले. सांगण्याची गती आणि लेखणीची गती यांचा मेळ घालणे किती कठीण असते, हे ज्यांनी कधी कोणाचे भाषण टिपून घेतले आहे त्यांना ठाऊक असेल. त्यातून विषय वेदान्ताचा, भाषा कधी मराठी तर कधी संस्कृत. लहानपणी वाचून दाखविणारे लागले, मोठेपणी लिहून घेणारेही लागले. त्यांच्या अनुयायांपैकी बाबाजी महाराज पंडित यांचे नाव यासंदर्भात अग्रक्रमाने घ्यावे लागते. महाराजांच्या पश्चात संप्रदायाची धुरा त्यांनीच सांभाळली.

प्रकृतीने मात्र महाराजांना फार काळ साथ दिली नाही. सततचे भ्रमण, व्रते आणि ग्रंथरचनेचे अविश्रांत श्रम सुरू असतानाच २० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे त्यांनी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय ३४ वर्षांचे होते. मागे राहिली ती शिष्यांच्या निरनिराळ्या हस्ताक्षरांतील हस्तलिखिते. ती पुढे क्रमाक्रमाने सूक्तिरत्नावली या ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाली. माधान येथे आजही भाविक दर्शनासाठी जातात.